तेल लाल आहे तोवर

घर भाड्यानं देताना माणसं काय काय विचारतात ते मला पाठ झालं होतं. आडनाव काय, गाव कुठलं, गावात घर कुठल्या बाजूला, आणि मग जरा थांबून परत आडनाव. छावणीजवळच्या त्या घराची वरची खोली बघायला गेले तेव्हा मी सगळी उत्तरं तयार ठेवून, जीभ परजूनच फाटक उघडलं. घरमालक व्हरांड्यात उभे होते. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि विचारलं, "वजन किती?"

"कशाचं?"

"तुमचं."

मी गडबडले. म्हटलं, बावन्न किलो.

"चपलेसकट की चपला काढून?"

आतून त्यांच्या बायकोचा आवाज आला, "अहो, ती भाडेकरू हाय, गव्हाचं पोतं नाय!"

असे आमचे साहेब. वजनमापं खात्यात निरीक्षक होते, निवृत्त होऊन दहा वर्षं झाली होती. पण अंगातलं खातं काही गेलं नव्हतं. सकाळी दूधवाला फाटकाशी आला की साहेब आपलं पितळी लिटरचं माप घेऊन हजर. दूध आधी त्या मापात, मग पातेल्यात. फेस खाली बसेपर्यंत दूधवाल्यानं थांबायचं. तो बिचारा रोज म्हणायचा, "साहेब, पुढं चाळीस घरं हायेत." साहेब म्हणायचे, "फेस दूध नसतो."

मिठाईच्या दुकानात जाताना ते घरून रिकामा खोका न्यायचे. आधी तो काट्यावर ठेवायचा, मग पेढे भरलेला खोका ठेवायचा, मग दुकानदाराकडं नुसतं बघायचं. गल्लीत एका घरी बारशाला गेलो होतो. बाळाची आजी कौतुकानं सांगत होती, बाळ तीन किलो दोनशे ग्रॅमचं झालं म्हणून. साहेबांनी विचारलं, "काटा कुणाचा?" त्या आजीनं त्यांना घुगऱ्या दिल्याच नाहीत.

मी एका शाळेत विज्ञान शिकवायचे. मापाच्या नळीतलं पाणी डोळ्यांच्या रेषेत धरून वाचायचं असतं हे मला येतं एवढ्यावर त्यांनी मला आपल्या पंगतीत घेतलं. मला मॅडम म्हणायचे. काकू मात्र पहिल्या दिवसापासून "ए पोरी" म्हणायच्या. मी लासूर स्टेशनची, त्या पैठणच्या, त्यामुळं आमचं बोलणं लगेच जमलं. साहेब जोंधळे आमच्या लासूरहून आणायचे, तिथल्या एका आडत्याचा काटा सरळ आहे म्हणून. एकदा मलाही गावी सोडलं आणि जाता जाता माझ्या बापाचा भाजीचा तराजू तपासला. पारड्याखाली चिकटलेली चिंच त्यांनी नखानं काढली. माझा बाप अजून त्यावरून चिडतो.

हे सगळं फिरणं व्हायचं त्या गाडीतून. पांढरी, बसकी, जुनी ऑटोमॅटिक गाडी. छावणीतल्या एका फौजी अधिकाऱ्याची बदली झाली तेव्हा साहेबांनी घेतलेली. साहेबांचा डावा पाय लहानपणीच पोलिओनं गेला होता. साध्या गाडीला क्लच दाबायला डावा पाय लागतो. या गाडीला क्लचच नाही. उजव्या पायानं वेग, उजव्याच पायानं ब्रेक, गिअर आपोआप पडतात. त्यामुळं ते मनात आलं की उठून निघायचे. धरणात पाणी किती आलं ते बघायला पैठणला, नान आणायला छावणीत, आणि काहीच काम नसेल तर पेट्रोल पंपावर पाच लिटरचं माप तपासायला. "मला कुणी आणून सोडायला नको," हे वाक्य ते दिवसातून दोनदा तरी म्हणायचे. आधी मला वाटायचं, म्हातारा उगीच ताठा करतो.

गाडी तीन लाख अकरा हजार किलोमीटर चालली होती आणि तिच्या गिअरबॉक्सचं तेल एकदाही बदललेलं नव्हतं.

का बदललं नव्हतं, तेही ऐका. हे तेल नवं असताना लालभडक असतं. वापरून वापरून तपकिरी होतं, मग काळं. साहेबांनी त्यावर एक सिद्धांत काढला होता, "तेल लाल आहे तोवर गाडी तरुण." दर महिन्याच्या एक तारखेला ते बॉनेट उघडायचे, गिअरबॉक्सच्या तेलात बुडवलेली मापाची पट्टी ओढायचे आणि तिच्या टोकाचा एक थेंब लग्नपत्रिकेवर सोडायचे. व्हय, लग्नपत्रिकेवर. जाड, पांढरा, गुळगुळीत कागद फुकट कुठं मिळतो? घरात आलेली एकही पत्रिका रद्दीत जायची नाही. थेंब टाकायचा कोपऱ्यात, कारण कोपऱ्यात छपाई नसते. खाली तारीख आणि किलोमीटर लिहायचे आणि पत्रिका व्हरांड्यातल्या दोरीला चिमट्यानं लावायची.

त्या दोरीवर वर्षानुवर्षांची लग्नं लटकत होती. काकूंना एखाद्या लग्नाचा मुहूर्त बघायचा असला की दोरीखाली मान वर करून फिरावं लागायचं. "अमक्याच्या पोराचं लग्न कधी हाय?" "दोन लाख शहाण्णव हजारावर बघ." नेमकं कार्यालयाचं नाव तेलात बुडालेलं असायचं. एकदा दोघं भलत्याच लग्नाला जाऊन, आहेर करून, जेवून आले. साहेब म्हणाले, जेवण मापात होतं.

आणि थेंब दर महिन्याला लाल. थोडा काळपट, पण कडा लाल. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते दोरी दाखवायचे. "तीन लाखाच्या वर चालली, बघा रंग. आहे का कुठं? तेल जन्मभराचं आहे असं पुस्तकातच लिहिलंय."

"कुणाच्या जन्मभराचं?" काकू विचारायच्या. "गाडीच्या का तेलाच्या? का माझ्या?"

मी तिथं राहायला आल्यावर दुसऱ्या वर्षी गाडी चढावर घसरायला लागली. म्हणजे मागं नाही घसरायची. इंजिन जोरात ओरडायचं आणि गाडी मात्र जागीच. पेडल दाबावं तर नुसता आवाज. एकदा उड्डाणपुलाच्या चढावर ती अशी बसली की मागच्या रिक्षावाल्यानं उतरून साहेबांना पाणी विचारलं. ही बातमी पुण्याला पोचली. साहेबांचा एकुलता एक मुलगा तिथं नोकरीला. पोरगा गुणी, पण काळजीखोर. तो तडक आला आणि म्हणाला, बाबा, गाडी भंगारात काढू, घराला कुलूप लावू आणि तुम्ही दोघं माझ्याकडं चला.

"तिथं अकराव्या मजल्यावर बसून कबुतरं मोजू का?" काकूंनी विचारलं.

"तिथं सगळं आहे आई. गाडी बोलवली की दारात येते. बाबांना जायचं तिथं नेऊन सोडते."

नेऊन सोडते म्हटल्यावर साहेबांचा चेहरा उतरला. वाद दोन दिवस चालला. शेवटी साहेबांनी आपल्या पद्धतीनं तोड काढली. चाचणी. कागदावर लिहून दोघांनी सह्या केल्या. संक्रांतीनंतरच्या रविवारी गाडीनं दौलताबादचा घाट चढायचा. आत चार माणसं, साहेब, काकू, मुलगा आणि सून. टाकी अर्धी. गाडी चढली तर राहायचं इथंच. नाही चढली तर महिनाअखेर पुणे. मुलगा परत गेल्यावर मी म्हटलं, "साहेब, एवढ्या वर्षांचं घर असं पैजेवर लावतात का?"

"पैज नाय, परीक्षा. तेल लाल आहे, मॅडम. गाडीला काय व्हायलंय?"

त्याच सुमारास माझं लग्न ठरलं. पत्रिका छापून आल्या. पहिली पत्रिका मी साहेबांना आणि काकूंना दिली. काकूंनी माझ्या हातावर साखर ठेवली. साहेबांनी पत्रिका हातात घेऊन बोटांनी दाबून बघितली, म्हणाले, "कागद चांगला आहे." मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं.

पुढच्या एक तारखेला शाळेतून आले तर साहेब व्हरांड्यात माझी पत्रिका हातात धरून बसलेले. वरची बुद्धाची प्रतिमा अगदी स्वच्छ होती, त्यांनी खालचाच कोपरा घेतला होता. पण त्या कोपऱ्यात थेंब होता काळाकुट्ट. तव्याखालची काजळी असते ना, तसा.

"मॅडम, तुम्हाला फसवलं," ते गंभीरपणे म्हणाले. "छापखान्यानं हलका कागद दिला. बघा, तेल काळं पडलं."

आता बघा. चार छापखाने फिरून, दोन भावांशी भांडून मी तो कागद निवडला होता. माझी सटकलीच. म्हटलं, "साहेब, कागदाला नावं ठेवू नका. कागद काय तेलाला काळं करतो का? तुमचं तेलच काळं असेल!"

"दोरी बघा!" साहेबांनी आवाज चढवला. "शंभरावर थेंब लाल आहेत. एकटा तुमचा काळा. चूक शंभरांची का एकाची?"

मी दोरीपाशी गेले. जवळून बघितलं. दोन पत्रिका काढून नाकाला लावल्या. आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मी स्वयंपाकघरात जाऊन वाटीत गोडंतेल आणलं, एक ताजी, कोरी पत्रिका घेतली, शेजारच्यांच्या पोरीच्या लग्नाची, आणि कोपऱ्यात थेंब सोडला. गोडंतेल लाल झालं.

साहेबांनी ती पत्रिका उजेडाकडं धरली.

"कुंकू, साहेब," मी म्हटलं. "पत्रिका देताना कोपऱ्याला हळदीकुंकू लावतात. तुम्ही वरवर पुसता, पण कागदात मुरलेलं राहतं ना. तुमचं तेल लाल नव्हतं. कुंकू लाल होतं. आमच्यात पत्रिकेला हळदीकुंकू लावत नाहीत."

काकू दारात उभ्या होत्या. त्यांनी आधी तोंडाला पदर लावला, मग तो सोडून दिला आणि इतक्या हसल्या, इतक्या हसल्या की पायरीवर बसल्या. "अगं बाई! म्हंजी इतकी वर्षं गाडीचं नाय, लोकांच्या लग्नाचं कुंकू मोजलं यांनी!"

मीही हसले, का खोटं बोलू? पण साहेब हसले नाहीत. त्या रात्री जेवले नाहीत, सकाळी दूधवाला आला तर माप घेऊन बाहेर आले नाहीत. दूधवाला फाटकाशी पाच मिनिटं थांबला आणि मग घाबऱ्या आवाजात त्यानं विचारलं, "साहेब बरे हायेत ना?"

दुपारी मला बोलावलं. टेबलावर एक कागद होता. साहेबांनी स्वतःलाच कारणे दाखवा नोटीस काढली होती. 'ज्याअर्थी आपण सदर वाहनाच्या तेलाची तपासणी सदोष साधनाने केली आहे, आणि ज्याअर्थी सदर साधनाची पडताळणी आपण एकदाही केलेली नाही, त्याअर्थी आपणांविरुद्ध कारवाई का करू नये, याचा खुलासा तीन दिवसांत करावा.' खाली त्यांची सही. त्याखाली खुलासाही लगेच दिलेला होता, एका ओळीचा. 'चूक मान्य.' आणि शिक्षा, एक महिना कुणाचंही माप तपासायचं नाही.

"साहेब, हे जरा अति होतंय," मी म्हटलं.

"मॅडम, मी तीस वर्षं लोकांची खोटी मापं जप्त केली. वर्षातून एकदा काटा तपासून शिक्का मारून घ्या म्हणून गरीब भाजीवाल्यांना ओरडलो. माझी दोरी कुणी तपासली?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "घाट नाय चढणार ती. आता खरं कळलं. मला पुण्याला नेऊन सोडतील."

त्यांचे डोळे भरून आले होते. मला एवढं वाईट वाटलं की मी तिथंच ठरवलं, आता या गाडीचं तेल बदलल्याशिवाय राहायचं नाही.

पण तेल बदलायला कुणी तयार होईना. दोन गॅरेजवाल्यांनी आकडा बघूनच बॉनेट खाली केलं. त्यांचं म्हणणं, एवढी चाललेली गाडी, आत प्लेटा झिजलेल्या, त्यांचाच गाळ तेलात आहे आणि त्या गाळाच्या पकडीवरच गाडी चालते. नवं पातळ तेल टाकलं की गाडी जागची हलणार नाही. तिसरे छावणीतले उस्ताद. साहेबांचे जुने दोस्त, पांढरी दाढी, नाकावर चष्मा. त्यांनी पट्टी ओढली, तेल बोटावर चोळलं, वास घेतला.

"ये तेल नै साहब, काजल है," उस्ताद म्हणाले. "पर इसकू हाथ नक्को लगाव. मरीज बुड्ढा है. सारा खून एकदम बदलते क्या?"

काकू गाडीत बसल्या होत्या. त्यांनी काच खाली केली. "एकदम कशाला बदलायचं? नवरात्राचे नऊ दिवस उपास केल्यावर माणूस पहिल्याच घासाला पुरणपोळी खातो का? आधी पेज, मग मऊ भात. थोडं काढा, थोडं घाला. चार दिस चालवा. परत थोडं काढा."

उस्तादांनी चष्मा वर केला. "बात तो सही है," म्हणाले. "नीचे का नट खोले तो सारा तेल निकलताच नै. आधे से कम निकलता. जितना निकला उतनाच डालो. तीन बार करो." मग लगेच हात वर केले. "पर मैं नै करता. ये गाडी मेरे हाथ से मरी तो साहब की आंख मेरेकू जिंदगीभर दिखेगी. खड्डा मेरा लेव, पाना मेरा लेव. हाथ तुम्हारा, गुनाह भी तुम्हारा."

खड्डा म्हणजे गॅरेजातला लांबट चर, ज्यात उतरून गाडीचं काम खालून करतात. साहेबांना तो पाय घेऊन उतरता येईना. काकूंचे गुडघे दुखायचे. राहिलं कोण? पंधरा दिवसांवर लग्न आलेली विज्ञानाची बाई. ओढणी कमरेला खोचली आणि उतरले.

पुढचं सगळं नाटक बघण्यासारखं होतं. वरून साहेब बॅटरी दाखवत होते, ती माझ्या डोळ्यांत. उस्ताद गाडीकडं पाठ करून स्टुलावर बसले होते, कारण त्यांना साक्षीदार व्हायचं नव्हतं. पण गप्प बसणंही जमेना. "उलटा घुमा बेटी... उलटा बोले तो तेरा उलटा, मेरा नै... मैं कुछ नै बोला हां." नट सुटला आणि कोमट, काळं तेल बदकन खाली आलं. निम्मं थेट भांड्यात, उरलेलं माझ्या मनगटावरून कोपरापर्यंत जाऊन मग भांड्यात. भांडं म्हणजे काकूंची भाकरीची मोठी परात. साहेबांनी ती न विचारता आणली होती. काकूंना ती वरून दिसली.

"अहो! माझी परात!"

"काकू, आता नको," मी खालून ओरडले. "आता परात हलली तर माझं लग्न मोडंल!"

निघालेलं तेल साहेबांनी पितळी मापानं आणि वरचं उरलेलं माझ्या शाळेतल्या काचेच्या नळीनं मोजलं. महिनाभर कुणाचं माप तपासायचं नव्हतं, पण हे आपलं स्वतःचं, असा खुलासा त्यांनी केला. तीन लिटर एकशे ऐंशी मिलि. नवं लाल तेलही तेवढंच मोजून, नरसाळ्यानं पट्टीच्या नळीतून वरून घातलं. मी थेंब न थेंब डोळ्यांच्या रेषेत धरून वाचला. मग साहेब बसले, गाडी चालू केली, ब्रेक दाबून गिअरचा दांडा मागंपुढं फिरवला आणि रिव्हर्स टाकला.

गाडी हलली नाही.

इंजिन गुरगुरत होतं, गाडी ढिम्म. उस्ताद पाठ फिरवूनच म्हणाले, "गई." काकूंनी देवाचं नाव घ्यायला सुरुवात केली. साहेबांचे हात स्टिअरिंगवर घट्ट होते आणि ते आरशात न बघता नुसते समोर बघत होते. आणि मग आत कुठं तरी खट झालं, गाडीला एक हिसका बसला आणि ती मागं सरकली. उस्तादांनी वळून बघितलं, उठले आणि साहेबांना खिडकीतूनच मिठी मारली. मला म्हणाले, "बेटी, नौकरी छोड दे, इधर आ जा."

आठ दिवसांत तीनदा केलं. पहिल्यांदा काजळ निघालं, दुसऱ्यांदा कोऱ्या चहाच्या रंगाचं, तिसऱ्यांदा विटकरी. आता थेंब वहीच्या कोऱ्या कागदावर टाकायचे, आणि कागद कोरा आहे याची सही माझी लागायची. माझ्या लग्नात मेंदीवाली म्हणाली, ताई, नखात हे काळं काय आहे, निघतच नाही. मी म्हटलं, बाई गं, तू त्याच्यावरूनच काढ.

लग्न झालं. नवरा नांदेडला नोकरीवर परत गेला, मी शाळेसाठी त्याच खोलीत राहिले. संक्रांत झाली आणि रविवार उजाडला. मुलगा आला, पण सून आली नाही, नातवाला ताप होता. आता चौथं माणूस कोण? साहेबांनी माझ्याकडं बघितलं. आतून काटा आणला.

"लग्नाआधी बावन्न होतीस," काकू डोकावून म्हणाल्या. "आता चोपन्न!"

"काकू, गल्लीला ऐकू गेलं नाय, अजून जोरात सांगा."

सून एकसष्ट किलोची. फरक सातचा. साहेबांनी सात किलो जोंधळे मोजून पिशवीत भरले आणि ती पिशवी माझ्या मांडीवर ठेवली. डिकीत ठेवू म्हटलं तर म्हणाले, वजन माणसाच्या जागी पाहिजे. मुलानं कपाळाला हात लावला. पण निघायच्या आधी साहेबांनी त्याला सगळं सांगितलं, कुंकू, दोरी, नोटीस, सगळं. "तुला मी गाडी ठणठणीत आहे म्हणून सांगितलं ते खोटं निघालं. सही परत घ्यायची असेल तर घे." मुलगा सही तशीच ठेवून पुढं बसला.

दौलताबादच्या जुन्या दरवाजातून निघालो आणि चढ लागला. पहिली दोन वळणं गाडी अशी गेली की काकू माझ्याकडं बघून हसल्या. तिसऱ्या वळणाला पुढं उसाचा ट्रक. तो हळू झाला, आणखी हळू झाला आणि ऐन चढावर थांबला. आम्हालाही थांबावं लागलं. उभ्या चढावर, उभ्या गाडीतून, चार माणसं आणि जोंधळे घेऊन निघायचं.

"बाबा, हे धरायचं नाही," मुलगा म्हणाला. "ट्रकमुळं झालंय. खाली जाऊन परत येऊ."

"घाटात ट्रक असतातच," साहेब म्हणाले.

ट्रक सुटला. साहेबांनी ब्रेकवरचा पाय उचलून पेडल दाबलं. इंजिन चढलं. गाडी जागीच. इंजिन आणखी चढलं. काकूंनी माझं मनगट इतकं दाबलं की बांगडी फुटली. एवढ्यात मला पुढचा मुलगा दिसला. दोन्ही हात डॅशबोर्डवर टेकून तो पुढं वाकला होता, सगळं अंग पुढं रेटत होता आणि दातांमधून बोलत होता, "चल गं... चल, चल, चल माझी बाई, चल..."

गाडीनं अंग उचललं आणि निघाली. पुढची सगळी वळणं तिनं एका दमात घेतली.

माथ्यावर साहेबांनी कडेला पेरूवाल्यांच्या ओळीपाशी गाडी उभी केली, इंजिन बंद केलं आणि म्हणाले, "चढली." बस, एवढंच. मी पेढे वाटावेत अशी ओरडणार होते, पण त्यांचा आवाज ऐकून गप्प झाले. मुलगा डॅशबोर्डवरचे हात काढून मांडीवर पुसत होता. जरा वेळानं म्हणाला, "बाबा, पुढं मी चालवू?"

ती गाडी साहेबांशिवाय कुणी चालवलेली मी पाहिली नव्हती. साहेबांनी थोडा विचार केला, पाय उचलून बाहेर ठेवला, गाडीला धरत धरत फेरा मारून दुसऱ्या बाजूला गेले. मुलगा बसला. आयुष्यभर क्लचवाली गाडी चालवलेला माणूस. निघाला आणि दहा पावलांवर त्याच्या डाव्या पायानं सवयीनं क्लच शोधला, सापडला ब्रेक, आणि तो त्यानं खाडकन दाबला. काकूंचं डोकं पुढच्या सीटवर, जोंधळे माझ्या पायात.

"डावा पाय विसर," साहेब म्हणाले.

परत निघाला. परत खाडकन. पेरूवाल्या बाया हसायला लागल्या. तिसऱ्यांदाही तेच. मुलगा घामाघूम झाला.

"विसरता येत नाही हो बाबा. तो आपोआप जातो."

साहेब समोर रस्त्याकडं बघत होते. "माझा नाय जात," ते म्हणाले.

तक्रार नव्हती त्यात. पेट्रोल किती आहे असं विचारल्यावर सांगावं तसं सांगितलं. मुलानं वळून वडिलांकडं बघितलं, मग त्यांच्या पायाकडं. चाळिशीचा तो पोरगा, पण मला वाटतं त्यानं तो पाय त्या दिवशीच बघितला असावा. मग त्यानं चप्पल काढली, डावा पाय उचलून सीटवर मांडी घालून खाली दाबून टाकला आणि गाडी सुरू केली. वेरूळपर्यंत आणि तिथून परत घरापर्यंत तो तसाच बसला, एकाच पायानं, वीसच्या वेगानं, मागच्या सगळ्या गाड्या भोंगे वाजवत असताना. साहेब मधूनच सांगत होते, "आता हलकेच दाब. हां. आता सोड."

संध्याकाळी घरी आल्यावर त्यानं किल्ली वडिलांच्या हातात दिली. पाय मुंग्या येऊन बधिर झाला होता, व्हरांड्याचा खांब धरून लंगडत चढला. पुण्याला निघताना आईच्या पाया पडला, वडिलांच्या पाया पडला आणि म्हणाला, "चार दिवस राहायला या दोघं. आणि बाबा, गाडी तुम्हीच चालवत आणा."